जस्ताची वडी

बादली बोलते. बुडावर बोटाचं पेर वाकवून ठोकलं की चांगली बादली ‘ठण्ण’ म्हणते आणि थोडा वेळ म्हणतच राहते. सांधा सैल असेल, बुडाला केसाएवढी चीर असेल, तर आवाज मध्येच बसतो. हुबळीत दुर्गदबैलाजवळच्या गल्लीत आमचं जस्ती बादल्या, घागरी, पत्र्याच्या ट्रंका आणि धान्याच्या कोठ्यांचं दुकान आहे. ठोकल्याशिवाय बादली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा आजोबांनी निपाणीहून येताना सोबत आणलेला नियम. प्लास्टिकच्या बादल्या आल्या, धंदा मंदावला, तरी नियम राहिला. प्लास्टिकची बादली ठोकली तर नुसती ‘भद्’ म्हणते. तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतंच.

हे आधी सांगायचं कारण असं, की माझ्या आजारात पणाला लागला तो माझा कान. जीवही लागला होता म्हणतात, पण ते मला नंतर कळलं, आणि नंतर कळलेल्या भीतीला फारशी धार नसते. कानाची भीती मात्र मी जागेपणी भोगली. मेंदूज्वरातून उठलेल्या, किंवा तशा माणसाच्या खाटेपाशी स्टूल टाकून बसलेल्या कुणाच्या हाती हे पडलं, तर त्यांना एवढंच वाटावं की या वाटेनं आधीही कुणीतरी धडपडत गेलं आहे.

त्या दिवशी सगळ्याच बादल्या वाईट निघाल्या

नव्या शतकाची पहिलीवहिली वर्षं होती आणि मी चाळिशीला टेकलो होतो. सर्दी हटत नव्हती, उजवा कान वाहत होता. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडलं होतं. “आमच्या वेळेला कुठं होते कानाचे डॉक्टर?” हे त्यांचं ठरलेलं. शैला, माझी बायको, रोज म्हणायची की दाखवून या. मी उद्यावर ढकलत होतो, कारण लग्नसराई होती आणि ट्रंकांना उठाव तेव्हाच असतो.

सकाळपासून डोकं ठणकत होतं. नवलगुंदकडचं एक जोडपं बादली घ्यायला आलं. मी एक ठोकली, आवाज बसका. बाजूला ठेवली. दुसरी ठोकली, तीही तशीच. एकेक करत मी अख्खी उतरंड बाजूला काढायला लागलो. “अण्णा, छलो अदाव की,” ती बाई म्हणाली. चांगल्या आहेत की या. मला मात्र एकही पसंत पडेना. मनात म्हटलं, कारखानदारानं फसवलं, सगळा माल परत पाठवायला हवा.

अप्पा गादीवरून उठून आले, त्यांनी बाजूला ठेवलेली एक बादली ठोकली आणि माझ्याकडे बघितलं. नंतर ते सांगायचे, “बादली खणखणीत वाजली, आणि तुझ्या तोंडावर काहीच उमटलं नाही बघ.” मी बूड बघायला मान खाली घालायला गेलो तर मान वाकेना. दारातलं ऊन डोळ्यांत खुपायला लागलं. पुढचं काही आठवत नाही. गालाला लागलेली दुकानाची गार फरशी तेवढी आठवते, आणि ती फार बरी वाटली होती.

दवाखान्यात पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. ते नितळ असायला हवं. माझं पातळ ताकासारखं निघालं. डॉक्टरांनी शैलाला सांगितलं की कानातल्या जंतूंनी मेंदूच्या आवरणापर्यंत वाट काढलीय, औषध सुरू केलंय, आता बघायचं. तेलाचंही तिनं विचारलं. ते म्हणाले, तेलानंच झालं असं म्हणता येणार नाही, पण वाहत्या कानात काही घालायचं नसतं. या बोलण्यातला पहिला अर्धा भाग अप्पांनी उचलला आणि दुसरा शैलानं. तेव्हापासून दोघं माझ्या खाटेच्या दोन बाजूंना बसायची आणि एकमेकांशी बोलायचं ते माझ्यामार्फत बोलायची. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.

पाण्याखालच्या दुपारी

ऐकू न येणं म्हणजे शांतता असेल असं मला वाटायचं. तसं नसतं. भरलेल्या रांजणात डोकं बुडवल्यावर येते तशी एक घूं घूं सतत चालू असते, आणि तिच्या पलीकडे माणसं तोंडं हलवत असतात. शैला काहीतरी विचारायची, मी मान हलवायचो, ती पाणी आणायची. मला पाणी नको असायचं, पण तिनं आणलंय म्हणून मी प्यायचो. संसार असाही चालतो हे मला त्या दिवसांत कळलं.

वॉर्डात गंगव्वा नावाच्या आया होत्या. मला कुणी अचानक हात लावला की मी दचकतो हे त्यांनी पहिल्यांदा ओळखलं. नर्सनं सुई टोचायच्या आधी, चादर बदलायच्या आधी त्या खाटेच्या लोखंडी दांडीवर दोन बोटांनी टकटक करायच्या. आवाज यायचा नाही, पण पाठीला बारीक थरथर कळायची. जन्मभर बादल्या ठोकल्या, आता मला कुणीतरी ठोकून बघत होतं. मला त्याचं फार सुख वाटायचं, आणि ते मी गंगव्वांना कधी नीट सांगू शकलो नाही.

दुपारी ताप चढायचा. खिडकीतून शिरीषाच्या झाडाची सावली भिंतीवर यायची आणि हळूहळू हलायला लागायची. मग भिंत जायची, वॉर्ड जायचा, आणि मी केलगेरीच्या तळ्याच्या तळाशी बसलेला असायचो. आमचं दुकान तिथंच असायचं. गादी, वजनकाटा, बादल्यांच्या उतरंडी, सगळं जागच्या जागी, फक्त हिरवट उजेडात आणि थोडं तरंगणारं. गिऱ्हाईक यायचं. अगदी लहान, मुठीएवढी गोल माणसं, दोघादोघांच्या जोडीनं, फार अदबीनं. ती घागरींकडे बघायची नाहीत, लोखंडाकडे नाही, पितळेकडे नाही. काउंटरवर हात ठेवून नुसती थांबायची. काय हवंय ते मला कळायचं नाही, आणि विचारावं तर तोंडातून बुडबुडे निघायचे. भीती वाटायची नाही. गिऱ्हाइकाला हवं ते आपल्याला समजत नाही, एवढीच एक गोड हुरहूर वाटत राहायची.

मृदुलाची पाटी

तळ्याचं स्वप्न कुठून आलं ते उघड आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, धारवाडला केलगेरीत राहते. तिची मुलगी मृदुला तेव्हा जंतुशास्त्र शिकत होती. ती धारवाडहून बसनं यायची आणि येताना स्वतःची लहानपणची दगडी पाटी आणायची. तिच्यामुळे मला पुन्हा बोलणं मिळालं. ती तोंडानं बोलत बोलत पाटीवर लिहायची, म्हणजे मला वाचता यायचं आणि बाकीच्यांना ऐकू जायचं.

एका दुपारी ताप जरा उतरला होता. तिनं लिहिलं, ‘मामा, तुमच्या जंतूंना काय लागतं माहितीय? जस्त.’

मला वाटलं, पोरगी दुकानावरून चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती. तिनं पुसत पुसत, थोडं थोडं लिहिलं. जस्त मिळालं नाही तर हे जंतू वाढूच शकत नाहीत. पण शरीरात मोकळं पडलेलं जस्त जवळपास नसतंच. म्हणून जंतू आपल्या अंगाबाहेर खास प्रथिनं लावून ठेवतात. ती जस्त तेवढं नेमकं धरतात आणि शेजारच्या दारातून आत सोडतात. मग तिनं चित्र काढलं: एक गोळा, आणि त्याच्या अंगावर आकडेच आकडे. विहिरीत पडलेली बादली काढायला आम्ही गळ विकतो ना, अगदी तसे. मी चित्राकडे बघत राहिलो. माझी मुठीएवढी माणसं काउंटरवर हात ठेवून कशासाठी थांबत होती ते मला आत्ता कळलं. त्यांच्या हातात गळ होते.

अप्पा पायथ्याशी बसून ऐकत होते. “म्हणजे याच्या अंगातलं जस्त ते पळवतात?” त्यांनी विचारलं, हे मृदुलानं नंतर सांगितलं.

“होय की अज्जा, पण—”

अप्पा उठून चालायला लागले होते. ही त्यांची जुनी खोड. गिऱ्हाईक “मला एक मोठी, कडीची…” म्हणेपर्यंत अप्पा माडीवर पोचलेले असायचे. अर्ध्या वाक्यात ज्याला गरज कळते तोच खरा दुकानदार, असं ते म्हणायचे, आणि दहातल्या नऊ वेळा बादली बरोबरच निघायची.

मृदुलानं मला पुढचं लिहून दाखवलं, पण तोवर माझे डोळे मिटायला लागले होते. ‘शरीरही गप्प बसत नाही…’ एवढं वाचलेलं मला आठवतं. पुढची पाटी तिनं माझ्या उशाशी ठेवली असावी, आणि चादर बदलताना ती पुसली गेली.

सरबत

दुसऱ्या दिवसापासून अप्पा सकाळ-संध्याकाळ फिरकीच्या तांब्यातून लिंबाचं सरबत आणायला लागले. देशपांडे नगरातल्या घरून दवाखान्यापर्यंत ते चालत यायचे, तांब्या छातीशी धरून. शैला मला म्हणाली (हे मृदुलानं नंतर सांगितलं), “तुमच्या वडिलांनी कधी स्वतःचा चहा करून घेतला नाही, आणि बघा की.” त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी त्यांच्या बाजूच्या स्टुलावर बसली.

सरबताची चव विचित्र होती. नाणं चोखल्यासारखी. मला वाटलं, कानाबरोबर जीभही गेली. पण पेला रिकामा होईपर्यंत अप्पा माझ्या तोंडाकडे असे बघत राहायचे की मी घोट घोट सगळं संपवायचो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली होती. गंगव्वांनी दांडीवर टकटक केली आणि डाव्या कानात, खूप लांब, काहीतरी ‘टिक’ झालं. मी त्यांना खुणेनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा ‘टिक’. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की जाईल असं वाटत होतं.

आणि मग ओकाऱ्या सुरू झाल्या. पोटात पीळ पडून जे प्यालो ते सगळं बाहेर. मेंदूज्वरात ओकारी म्हणजे डोक्यातला दाब वाढल्याची खूण असू शकते. डॉक्टरांचा चेहरा बघून मला ते ऐकू आल्यासारखंच कळलं. पाठीत पुन्हा सुई गेली. डोक्याचा फोटो काढायला नेलं. बेळगावला हलवावं लागेल, कदाचित डोकं उघडावं लागेल, असं शैलाला सांगण्यात आलं. ती माझा हात धरून बसली होती आणि तिचा हात थंडगार होता. मला फक्त ती ‘टिक’ दिसत होती, विहिरीत निसटलेल्या दोरीच्या टोकासारखी खाली खाली जाणारी. मी मनातल्या मनात सौदा करत होतो: उजवा घ्या, त्याचं काही म्हणणं नाही, डावा राहू दे.

गाडीची वाट बघताना हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून शैला तांब्या धुवायला नळावर गेली. परत आली ती ओल्या हातात एक वस्तू घेऊन. तिनं ती माझ्या खाटेवर ठेवली.

ती आमच्या गादीवरची जस्ताची वडी होती. निपाणीला आजोबा स्वतः बादल्यांना जस्त चढवायचे, त्या हौदातली ही शेवटची वडी. पावत्यांवर वजन म्हणून ती असायची आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. ‘जस्त असेल तिथं गंज नाही,’ हे अप्पांचं वाक्य तिच्यावर हात ठेवून म्हटलेलं मी लहानपणापासून ऐकलंय. हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली ती काळपट वडी आता खडबडीत झाली होती, कडा झिजलेल्या, कुणीतरी कुरतडल्यासारख्या.

मृदुला आली होती. तिनं वडी हातात घेतली, तांब्याचा वास घेतला आणि आधी डॉक्टरांकडे पळाली. मग परत येऊन अप्पांपुढे उभी राहिली. पुढचं बोलणं तिनं मला त्याच संध्याकाळी पाटीवर लिहून दाखवलं, अप्पांच्या हातवाऱ्यांसकट.

“अज्जा, लिंबानं जस्त विरघळतं, तुम्हाला ठाऊक नाही?”

“मला ठाऊक नाही होय?” अप्पा म्हणाले. “उभा जन्म गिऱ्हाइकांना तेच सांगतोय, ताक, चिंच, लिंबू या बादलीत ठेवू नका म्हणून. विरघळतं म्हणूनच तर लिंबू घेतलं. रात्रभर बुडवून ठेवत होतो. तूच म्हणालीस की, त्याच्या अंगातला माल पळवतायत. माल कमी पडला तर भरायचा नाही?”

“अज्जा, गावात गडबड झाली, कर्फ्यू लागला, तेव्हा तुम्ही दुकानात माल भरला होता?”

“भरतंय कोण? शटर ओढलं, आणि होतं तेही माडीवर नेऊन ठेवलं.”

“मामाचं अंग तेच करतंय. ताप आला की ते रक्तातलं जस्त काढून यकृतात नेऊन ठेवतं. पांढऱ्या पेशी एक प्रथिन सोडतात, ते उरलंसुरलं घट्ट धरून बसतं. जंतूंनी कितीही गळ टाकले तरी हाती काही लागू नये म्हणून. एवढं करूनही ते पुरत नाही, म्हणून औषध. आणि तुम्ही दारात माल मांडलात.”

अप्पांनी तांब्याची फिरकी फिरवून घट्ट केली. मग म्हणाले, “हे त्या दिवशीच सांगायचं.”

“सांगतच होते. तुम्ही थांबलात कुठं?”

पाठीतलं पाणी या वेळी नितळ निघालं आणि फोटोही चांगला आला. सरबत बंद झालं तशा ओकाऱ्याही थांबल्या. डॉक्टर म्हणाले, एवढं जस्त पोटाला सोसत नाही, त्यानं ते बाहेर फेकलं, नशीब म्हणायचं. मग ते अप्पांवर भरपूर रागावले आणि जाता जाता तोंड वळवून हसले. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो: खाटेवरच्या माणसाला घरून जे काही द्याल, अंगारा असो की सरबत, ते डॉक्टरांना आधी सांगा. प्रेमानं दिलेलंही सांगा. ते तर आधी सांगा.

मला भीती होती ती शैलाची. आता तेलाचं आणि वडीचं एकदम निघणार असं मी धरून चाललो होतो. पण शैला वडी हातात घेऊन अप्पांना म्हणाली (हेही मृदुलाच्या पाटीवरचं), “मामंजी, ही तुमची दसऱ्याची. देव्हाऱ्यातल्यासारखी जपलेली. हीच विरघळवलीत?”

“वडी काय करायची,” अप्पा म्हणाले. “पोरगं आधी.”

शैला हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मग ती खाली गेली आणि दोन चहा घेऊन आली. एक तिनं अप्पांना दिला. ऐकू येत नसलं तरी खाटेच्या दोन्ही बाजूंनी माझ्यावरून बोलणं चाललंय हे मला दिसत होतं. मी डोळे मिटून घेतले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या दुपारी मी शेवटचा तळ्याखाली गेलो. अप्पांनी हिरव्या पाण्यात शटर ओढलं, दुकानात गार अंधार झाला. फटीतून मला ती मुठीएवढी माणसं दिसत होती. हातात गळ घेऊन ती अदबीनं उभी होती. मग एकेक जोडी वळून वर, उजेडाकडे तरंगत गेली आणि विरली. रिकाम्या हातानं परतणारं गिऱ्हाईक बघून मला जरा वाईटही वाटलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

घरी

घरी आलो तेव्हा भिंतीला धरून चालत होतो. तपासणीत डॉक्टरांनी कानापाशी चिमट्यासारखा लोखंडी सूरकाटा वाजवून धरला. उजव्या बाजूला काही नाही. तो कान गेला, तो येणार नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. डाव्याचं म्हणाले, वाट बघा.

वाट बघणं सगळ्यात अवघड होतं. बादली ऐकू येत नसेल तर मी गादीवर बसून काय करणार होतो? शैला म्हणायची, पैशाचं बघता येईल. प्रश्न पैशाचा नव्हता. मला माझ्या हाताखालून ‘ठण्ण’ हवं होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण अप्पांना कळलं असावं.

एका सकाळी मी अंगणात उन्हाला बसलो होतो. अप्पा दुकानातून नवी बादली घेऊन आले. माझ्या शेजारी, उजव्या बाजूला, पायरीवर बसले. बादली पालथी मांडीवर घेतली, पेर वाकवलं आणि ठोकली. मग माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

मी अर्धंच सांगणार होतो; उजव्या कानाचा तो कागद अप्पांना कुणी दाखवला नव्हता. ‘आलं’ एवढं म्हटलं असतं तर ते आनंदानं उठून दुकानात गेले असते. त्यांचे हात सुकले होते त्या महिन्यांत, मनगटाची हाडं दिसत होती.

“अप्पा,” मी म्हणालो, “उजव्या कानानं मला काहीच…”

मी थांबलो. ही त्यांची उठायची जागा. त्यांचा हात गुडघ्यावर गेलाही होता. पण ते उठले नाहीत. बादली मांडीवर तशीच ठेवून माझ्या ओठांकडे बघत बसून राहिले. जन्मात पहिल्यांदा मी बघत होतो, अप्पा कुणाचं तरी वाक्य संपायची वाट बघत होते.

“उजव्या कानानं काहीच येत नाही,” मी म्हणालो. “तो गेला. डाव्यानं येतं. बारीक, माडीवरून कुणी ठोकल्यासारखं. पण ती चांगली बादली आहे, अप्पा. शेवटपर्यंत वाजते.”

मी बोलून संपलो तरी ते थोडा वेळ थांबले, आणखी काही राहिलंय का म्हणून. मग उठले, माझ्या पुढून वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले, आणि बादली पुन्हा ठोकली.